खेळ पाहुणा, अंगण आमचे

दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी काय करावे, हा प्रश्न मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चर्चिला जात आहे. आणि त्याचे उत्तर मोठ्यांनी द्यावे व मुलांनी ते ऐकून सोडून द्यावे, हा प्रघातही तितकाच जुना आहे. आमच्याकडे मराठवाड्यात दिवाळी म्हणजे कापसाच्या वेचणीचे आणि मक्याच्या सोंगणीचे दिवस. त्यातून जो वेळ उरे तो विटीदांडूचा आणि लगोरीचा. खेळाचे सारे साहित्य बांधावरच्या बाभळीकडून मिळे. आणि दांडू जुना झाला म्हणून नवी विटी त्यावर चालत नाही, असे कोणी कधी ऐकले नव्हते!

आज मात्र नेमका हाच अनुभव घरोघर येत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नित्याची देखभाल थांबविली. पुढची विंडोज ११ हवी, तर यंत्रात एक विशिष्ट सुरक्षा-चिप पाहिजे आणि प्रोसेसरही ठरावीक पिढीचा पाहिजे. इंटेलचा असेल तर साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. २०१६ च्या सुमारास हौसेने घेतलेले, अजूनही धडधाकट असलेले कितीतरी संगणक अशा रीतीने एका तारखेला सेवानिवृत्त ठरले. नवे यंत्र घ्यावे, तर मध्यमवर्गीय घराचे चार-पाच महिन्यांचे गणित कोलमडते. न घ्यावे, तर मुलगा विचारतो, “मग माझ्या गेमचं काय?”

या प्रश्नाचे एक तिसरे उत्तर आहे. ते कसे निर्माण झाले, कोठपर्यंत पुरते आणि नेमके कोठे अपुरे पडते, हे वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू. मी काही यंत्रशास्त्राचा जाणकार नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवितो आणि हसनाबादेस राहतो. हसनाबाद हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले गाव. पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या कानांवर ते नाव आले नसेल. पण राजूरचा गणपती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आमचा मुलूख निराळा सांगावा लागत नाही.

कारभारी बदलला तर?

आमच्या घरचा संगणक याच निवृत्तांच्या यादीतला. चिरंजीव अकरावीत. जालन्याच्या एका दुकानदाराने यंत्र नुसते पाहूनच निकाल दिला : “सर, हे डबडं आता काहून ठेवता? नवं घ्या, दहा वर्षं बघायचं काम नाही.” पुण्यास अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा त्याच वेळी सुट्टीसाठी आला होता. तो म्हणाला, “मामा, मशीन म्हातारं झालेलं नाही. त्यातला कारभारी बदलून बघू.”

कारभारी हा त्याचा शब्द मला फार पटला. ऑपरेटिंग सिस्टिम, ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून आपण जिचे नाव घेतो, ती दुसरे काय करते? पडद्यावर चित्र कोणी काढायचे, आवाज कोठून सोडायचा, कोणती फाइल कोठल्या कप्प्यातून आणायची, हा सारा कारभार तिच्याकडे असतो. खेळ असो वा पत्र लिहिण्याचा प्रोग्राम असो, प्रत्येकाला आपले काम या कारभाऱ्याकडूनच करवून घ्यावे लागते. विंडोज हा असाच एक कारभारी. दुसऱ्याचे नाव लिनक्स.

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्स या तरुणाने आपण हौस म्हणून एक प्रणाली लिहीत असल्याचे त्या वर्षीच्या ऑगस्टात जाहीर केले. योगायोग असा की, आपल्या पुण्यात सी-डॅक संस्थेने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला तेही साल १९९१ च. लिनक्सचे वैशिष्ट्य असे की, त्याची मूळ संहिता सर्वांना खुली आहे. कोणीही ती वाचावी, सुधारावी, वाटावी. फक्त सुधारलेली प्रत दुसऱ्यास देताना संहिताही खुलीच ठेवावी. या अटीमागचा विचार अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांचा. १९८३ पासून ते त्यासाठी झटत आले. आमच्या ओव्यांना आणि गवळणींना जो न्याय पिढ्यान्‌पिढ्या लागू होता, त्याला त्यांनी कायद्याच्या भाषेत बसविले, असे मला वाटले.

आज ही प्रणाली कोठे नाही? आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनाच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. जगातील पहिल्या पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तीतला प्रत्येक संगणक २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतो. सी-डॅकनेही ‘बॉस’ या नावाची भारतीय भाषांना सोयीची लिनक्स-आवृत्ती २००७ साली काढली. इतके असूनही घरातल्या मेजावरील संगणकात मात्र लिनक्स क्वचितच दिसे; आणि त्याची जी दोन-चार कारणे होती त्यांत गेम हे फार मोठे होते. सरकारी पत्रे लिनक्सवर लिहिता येत, गणिते करता येत, चित्रपट पाहता येई. पण दुकानात ज्यांची नावे झळकतात ते खेळ केवळ विंडोजसाठी लिहिलेले असत.

रूपांतरकार आणि अर्जनवीस

यावर पहिला उपाय झाला तो रूपांतराचा. १९९८ साली अमेरिकेत लोकी सॉफ्टवेअर नावाची कंपनी निघाली. विंडोजसाठी लिहिलेला गाजलेला खेळ घ्यावयाचा, मूळ मालकाची परवानगी काढावयाची आणि तो खेळ लिनक्ससाठी नव्याने सिद्ध करून विकावयाचा, हा तिचा धंदा. आपल्या वाचकांना समजेल अशा भाषेत सांगावयाचे, तर गोविंद बल्लाळ देवलांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला, त्यातलाच हा प्रकार. पण देवल काही रोज जन्माला येत नाहीत, आणि प्रत्येक नाटकासाठी नवा देवल परवडतही नाही. लिनक्सवर गिऱ्हाईक नाही म्हणून माल नाही आणि माल नाही म्हणून गिऱ्हाईक नाही, या चक्रात ती कंपनी सापडली आणि २००२ च्या जानेवारीत तिने दुकान बंद केले.

दुसरा मार्ग मात्र आमच्या मराठवाड्याला चांगला परिचित आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. कचेरीचा कारभार उर्दूत चाले आणि रयत बोले मराठी. अशा वेळी कचेरीबाहेर एक अर्जनवीस बसलेला असे. शेतकऱ्याने आपले गाऱ्हाणे मराठीत सांगावे, अर्जनवीसाने ते उर्दूत उतरवावे, आतून आलेला हुकूम पुन्हा मराठीत समजावून सांगावा. शेतकऱ्याला उर्दू शिकावी लागत नसे आणि कारकुनाला मराठी. वाड्या-वस्त्यांवरील शेकडो माणसांची कामे या एका मध्यस्थामुळे होत.

लिनक्सवरील अर्जनवीसाचे नाव आहे वाइन. नाव ऐकून घाबरू नये. त्यात मद्याचा अंश नाही. एका इंग्रजी वाक्यातील आद्याक्षरांची ती गंमत आहे, आणि त्या वाक्याचा अर्थ ‘ही यंत्राची नक्कल नव्हे’ असा आहे. तो अर्थ महत्त्वाचा आहे. विंडोजचा खेळ आणि लिनक्सचा खेळ ज्या प्रोसेसरवर चालावयाचा तो एकच असतो. बेरीज-वजाबाकीच्या आज्ञाही त्याच असतात. फरक पडतो तो कारभाऱ्याला हाक मारताना. खेळ म्हणतो, “खिडकी उघड”, “ही फाइल आण”, “हा आवाज काढ”. पण म्हणतो विंडोजच्या बोलीत. वाइन ती हाक मधल्यामध्ये ऐकते आणि तेच काम लिनक्सकडून करवून घेते. खेळाला आपण परक्या घरी आहोत याचा पत्ताही लागत नाही.

हे काम १९९३ साली सुरू झाले. अलेक्झांडर ज्युलियार्ड हे १९९४ पासून त्याची धुरा वाहत आहेत. मायक्रोसॉफ्टची संहिता बंद पेटीत. तेव्हा तीत डोकावावयाचे नाही, विंडोज कोणत्या हाकेला काय उत्तर देते ते बाहेरून पाहावयाचे आणि तसेच उत्तर देणारे आपले स्वतःचे लिखाण करावयाचे, अशी ही तपश्चर्या. वाइनची पहिली पूर्ण आवृत्ती २००८ च्या जूनमध्ये निघाली. पंधरा वर्षे! आमच्या विद्यापीठांतून इतक्या काळात पीएच.डी.च्या तीन पिढ्या बाहेर पडतात.

तरीही मोठी अडचण उरली होती ती चित्रांची. आधुनिक खेळ क्षणाक्षणाला ग्राफिक्स कार्डाशी बोलत असतो, आणि विंडोजवर ते संभाषण डायरेक्ट-थ्री-डी नावाच्या खास बोलीत होते. तिचे भाषांतर सेकंदाला साठ-साठ चित्रे काढता काढता करावयाचे. अर्जनवीसाची लेखणी अडखळली की पडद्यावरचा घोडा अडखळलाच म्हणून समजावे! २०१६ साली व्हल्कन नावाची एक खुली चित्रभाषा प्रसिद्ध झाली आणि हे काम आवाक्यात आले. फिलिप रेबोले नावाच्या जर्मन तरुणाने डायरेक्ट-थ्री-डीचे व्हल्कनमध्ये भाषांतर करणारा डीएक्सव्हीके हा प्रोग्राम लिहिला. २०१८ साली तो जाणकारांच्या तोंडी झाला.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात एका मोठ्या व्यापाऱ्याने या विखुरलेल्या प्रयत्नांची मोट बांधली. व्हॉल्व ही अमेरिकी कंपनी संगणकाच्या खेळांचे स्टीम नावाचे प्रचंड दुकान चालविते. २०१२ साली विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने स्वतःचे दुकान मांडले, तेव्हाच व्हॉल्वच्या गेब न्यूएल यांनी धोका ओळखला होता. ज्याच्या वाड्यात आपण भाड्याने दुकान चालवितो त्या मालकानेच शेजारी दुकान थाटले, तर भाडेकरूने दुसरी जागा पाहून ठेवावी, हे कोणताही वाणी सांगेल. व्हॉल्वने २०१३ साली स्टीम लिनक्सवर आणले. २०१८ साली कोडवीव्हर्स या कंपनीच्या साहाय्याने वाइन, डीएक्सव्हीके आणि इतर साहित्य एकत्र बांधून ‘प्रोटॉन’ तयार केले. आणि २०२२ च्या फेब्रुवारीत हातात धरून खेळावयाचे स्टीम डेक हे यंत्र बाजारात आणले. त्या यंत्रातला कारभारी लिनक्स आणि अर्जनवीस प्रोटॉन. म्हणजे यात परोपकारापेक्षा व्यवहार अधिक होता. पण प्रोटॉनची संहिता खुलीच असल्यामुळे त्या व्यवहाराचा लाभ हसनाबादच्या जुन्या संगणकालाही मिळतो, ही त्यातली खरी मौज.

भाषांतर मूळ कृतीहून सरस असू शकते काय, यावर आम्ही साहित्याची माणसे तासन्‌तास वाद घालतो. येथे त्याचे एक उदाहरण घडले आहे. २०२२ साली ‘एल्डन रिंग’ नावाचा गाजलेला खेळ आला. विंडोजवर तो मध्येच अडखळत असे. व्हॉल्वच्या माणसांनी प्रोटॉनमध्ये एक दुरुस्ती केली आणि त्यातले काही अडखळणे लिनक्सवर नाहीसे झाले. दुभाष्याने वक्त्याचे तोतरेपण झाकले म्हणावयाचे!

आमच्या घरचा प्रयोग

आता प्रत्यक्ष अनुभव. भाच्याने प्रथम घरातील छायाचित्रे, माझ्या प्रश्नपत्रिका आणि सौ.च्या शाळेच्या याद्या एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. ही पायरी कोणीही चुकवू नये. नंतर त्याने लिनक्स मिंट ही आवृत्ती पेनड्राइव्हवर घेतली. पेनड्राइव्हवरूनच संगणक सुरू करून पाहता येतो. आतली विंडोज जागच्या जागी राहते. आवाज येतो की नाही, वाय-फाय मिळते की नाही, मराठी लिहिता येते की नाही, हे दोन दिवस पाहून मग आम्ही कायमची बैठक मारली. मराठी टंकलेखनाची इनस्क्रिप्ट पद्धत त्यात आधीपासूनच असते.

यंत्रात पूर्वी ग्राफिक्स कार्ड नव्हते. भाच्याने पुण्याहून एक जुने रेडिऑन कार्ड आणले होते. ए.एम.डी. कंपनीच्या अशा कार्डांसाठी लागणारे खुले साहित्य लिनक्समध्ये मुळातच असते. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर कंपनीचा ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. कार्ड बसविल्यावर कळले की, आतला एस.एम.पी.एस. त्याला पुरत नाही. तोही बदलावा लागला. तरी एकूण खर्च नव्या संगणकाच्या पासंगालाही पुरला नाही.

सर्वांत मोठे संकट निघाले इंटरनेटचे. एकेक खेळ तीस, पन्नास, काही तर शंभर जीबीचे. आमच्या गावी फोनच्या हॉटस्पॉटवर, रोजच्या दीड-दोन जीबीत हा डोंगर कसा पोखरावा? शेवटी जालन्यास राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावाच्या घरी फायबर आहे, तेथे एका हार्ड डिस्कवर खेळ उतरवून ती पिशवीतून गावी आणली. एस.टी.ने खेळ आला, तो असा!

स्टीममध्ये प्रोटॉन निराळे बसवावे लागत नाही. केवळ विंडोजचा खेळ निवडला की, स्टीम तो आपणहून प्रोटॉनच्या हवाली करते. एखादा अडला, तर त्याच्यासाठी प्रोटॉनची वेगळी आवृत्ती निवडता येते. एपिक किंवा जीओजी या दुकानांतून घेतलेल्या खेळांसाठी हिरोइक नावाचा खुला प्रोग्राम मिळतो. पहिल्या वेळी खेळ उघडण्यास थोडा विलंब लागतो, कारण चित्रांच्या आज्ञांचे भाषांतर आधी करून ठेवले जाते. त्या विलंबाला घाबरून बटणे दाबत बसू नये.

‘विचर ३’ चालला. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ ची नवी आवृत्ती चालली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी केलेला ‘राजी’ हा खेळही चालला. २०२० साली निघालेल्या या खेळात आपल्या भावाचा शोध घेत असुरांशी झुंजणाऱ्या मुलीची कथा आहे, आणि त्या वर्षीच्या गेम ॲवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले होते. पुण्यात लिहिलेला खेळ हसनाबादेत यावयास वाटेत अमेरिकी दुकान, जर्मन तरुणाची चित्रविद्या आणि फिनलंडचा कारभारी लागला, हा प्रवास पाहून मी थक्क झालो. आणि माझ्यासाठी? माझ्या विद्यार्थिदशेतला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. तो डॉसच्या काळातला. त्यासाठी डॉसबॉक्स नावाचा वेगळा खुला प्रोग्राम आहे. राजपुत्र आजही त्याच खड्ड्यात पडतो, एवढे मी खात्रीने सांगू शकतो.

एक गोष्ट पालकांनी मुलांना स्पष्ट सांगावी. लिनक्स विनामूल्य मिळते म्हणून खेळ विनामूल्य होत नाहीत. ते विकतच घ्यावे लागतात, आणि घ्यावेत.

बंद दार

चार दिवस सर्व आनंदीआनंद होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी चिरंजीवांनी तो खेळ उघडला, ज्यात छत्रपती संभाजीनगरचे आणि पुण्याचे त्याचे मित्र रोज रात्री नऊला जमतात. खेळाचे नाव सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही. तो सुरू झाला, नामचित्र झळकले आणि एक संदेश दाखवून बंद पडला. भाच्याने प्रोटॉनच्या तीन आवृत्त्या लावून पाहिल्या. तेच. त्या दिवशी पोरगा जेवताना गप्प होता. सौ.ने विचारले तेव्हा म्हणाला, “बाकी सगळं चालतं आई. पण माझी पोरं तिथं आहेत.”

या एका वाक्याने मला लेखाचा विषय दिला. आम्ही वडीलधारी माणसे खेळ म्हणजे पडद्यावरची चित्रे समजतो. मुलांच्या लेखी तो पारावरचा कट्टा असतो. दहावीनंतर मित्र चार गावांना पांगले. रात्री नऊ ते दहा हा त्यांचा एकत्र बसण्याचा वेळ. त्या पारावर यंत्राच्या जातीवरून मज्जाव झाला, तर दुःख खेळाचे नसते.

हा मज्जाव का होतो, ते समजून घेतले पाहिजे. अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांत लबाडी करणारे पुष्कळ असतात : भिंतीपलीकडचे दिसावे, नेम आपोआप लागावा, अशी साधने विकत मिळतात. त्यांना रोखण्यासाठी खेळाबरोबर एक पहारेकरी येतो. काही पहारेकरी विंडोजच्या अगदी गाभ्यात, कारभाऱ्याच्या गादीशेजारी, जागा मागतात. लिनक्सवर विंडोजचा गाभाच नसतो, तेव्हा ती जागा कोठून द्यावी? अर्जनवीस अर्ज लिहून देऊ शकतो, कचेरीच्या तिजोरीची किल्ली देऊ शकत नाही.

इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन प्रमुख पहारेकऱ्यांनी २०२१ सालीच प्रोटॉनशी जुळवून घेतले. पण ती सोय आपल्या खेळात लागू करावयाची की नाही, हे खेळाच्या मालकाने ठरवावयाचे असते. कोणी करतो, कोणी करत नाही. ‘फोर्टनाइट’ने केले नाही. ‘एपेक्स लेजेंड्स’ने २०२२ साली दार उघडले आणि ३१ ऑक्टोबर २०२४ रोजी लबाडीचे कारण देऊन पुन्हा लावले. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ कित्येक वर्षे वाइनमधून खेळला जात होता; २०२४ साली त्यात व्हॅनगार्ड हा नवा पहारेकरी आला आणि लिनक्सवाल्यांची वाट खुंटली. ‘जीटीए ५’ एकट्याने खेळता येतो, पण त्याचा ऑनलाइन भाग सप्टेंबर २०२४ पासून लिनक्सवर बंद आहे. याउलट ‘डोटा २’ आणि ‘काउंटर-स्ट्राइक २’ या व्हॉल्वच्या खेळांना लिनक्सची स्वतःचीच आवृत्ती आहे.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. ज्या प्रणालीचा प्रत्येक खिळा मालकाला काढता-घालता येतो, तीत लबाडाला लपावयास जागा अधिक, असे त्यांचे म्हणणे. आणि थोड्या गिऱ्हाइकांसाठी वेगळा पहारा ठेवणे परवडत नाही, हा त्यांचा हिशेब. हिशेब खोटा नाही. स्टीमच्या स्वतःच्या मासिक पाहणीत लिनक्सवाल्यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या वर गेले, ते प्रथमच ऑक्टोबर २०२५ मध्ये. पण घरात निर्णय घेताना दोन प्रकारचे ‘चालत नाही’ वेगळे ओळखावे. एक चालत नाही ते यंत्राची शक्ती संपली म्हणून. त्याला पैसे मोजावे लागतात. दुसरे चालत नाही ते दारावरच्या माणसाने नको म्हटले म्हणून. ते आज बंद, उद्या उघडे, परवा पुन्हा बंद. दुकानदाराच्या तोंडी हे दोन्ही प्रकार एकाच वाक्यात येतात, आणि आपण नवे यंत्र घेऊन घरी येतो.

मग करावे काय?

आमच्या घरी तीन दिवस खल झाला. जुनी विंडोज दुसऱ्या डिस्कवर ठेवून केवळ त्या खेळापुरती वापरावी, असे एक मत पडले. भाच्याने विरोध केला : देखभाल थांबलेल्या प्रणालीवर रोज इंटरनेटला जाणे म्हणजे कुलूप बिघडलेल्या दाराने रात्री झोपणे. पुढच्या वर्षी पुण्यास शिकावयास जाताना लॅपटॉप घ्यावाच लागणार आहे, तोवर थांबावे, असे मी म्हटले. शेवटी निर्णय चिरंजीवांनीच घेतला. त्याने मित्रांना फोन केला. शनिवार-रविवारी सगळ्यांनी ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळावे, असे ठरले. चौघांपैकी तिघे येतात. चौथ्याला तलवारी आणि गढ्या कंटाळवाण्या वाटतात, तो येत नाही. इतर रात्री ते चौघे आपल्या जुन्या पारावर असतात आणि आमचा मुलगा नसतो. ही उणीव भरून निघाली, असे मी म्हणणार नाही. मात्र घरातला एक मोठा खर्च का टळला आणि त्याची किंमत कोणी दिली, हे आम्हां दोघांनाही ठाऊक आहे. आणि तेवढे ठाऊक असले की पोराशी बोलताना आपला आवाज आपोआप खाली येतो.

ज्यांच्या घरी हाच प्रश्न उभा आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. प्रथम मुलाला त्याच्या पाच आवडत्या खेळांची यादी कागदावर लिहावयास सांगा, आणि त्यातला कोणता मित्रांबरोबरचा आहे त्यावर खूण करावयास लावा. मग प्रत्येक खेळाचे नाव प्रोटॉनडीबी या सार्वजनिक नोंदवहीत पाहा. खेळणाऱ्यांनी स्वतः दिलेल्या अनुभवांवरून तेथे प्लॅटिनम, सुवर्ण, रौप्य, कांस्य अशा पायऱ्या लावलेल्या असतात. तिसरे, खूण केलेल्या खेळाबरोबर पहारेकरी कोणता येतो ते विकत घेण्यापूर्वी पाहा. गाभ्यात बसणारा पहारेकरी असेल, तर तशी नोंद खेळाच्या पानावर करणे स्टीमने ऑक्टोबर २०२४ पासून सक्तीचे केले आहे. चौथे, एवढे करूनही खेळ चालला नाही, तर खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास स्टीम पैसे परत करते. ती मुदत दवडू नका.

यादीतले पाचही खेळ पहारेकऱ्याचे निघाले, तर विंडोजच बरी; उगाच तत्त्वासाठी मुलाला एकटे पाडू नये. चार चालत असतील आणि एक नसेल, तर तो एक किती मोलाचा आहे हे मुलालाच विचारा. आपण बहुधा त्या एकाची किंमत कमी धरतो आणि नव्या यंत्राची गरज जास्त धरतो.

आमचा संगणक सध्या पाहुण्यांच्या खोलीत आहे. सकाळी त्यावर सौ.च्या याद्या होतात, दुपारी माझ्या प्रश्नपत्रिका. शनिवारी रात्री मात्र त्याच्या आसपास कोणी फिरकावयाचे नाही, असा घरचा दंडक आहे. बाहेर मक्याच्या गंजीवर चांदणे पडलेले असते, फोनच्या हॉटस्पॉटवर चार गावांची पोरे एका गढीला वेढा घालीत असतात, आणि त्यांच्या हाका या कारभाऱ्याच्या भाषेतून त्या कारभाऱ्याच्या भाषेत नेऊन पोचविणारा अर्जनवीस, आपले नावही पडद्यावर येऊ न देता, मुकाट्याने लिहीत असतो.